'पल्स' म्हणजे बंदिश नव्हे

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या 'कम्फर्टेबली नम' या गाण्याच्या निरनिराळ्या मैफलींवर आलेला लेख वाचला. मराठी पेपरात या गाण्याला पाऊण पान मिळालेलं पाहून माझा चहा गार झाला. पूर्वी तुमचा अंक इथे ग्वाल्हेरला पंजाब मेलने दुसऱ्या दिवशी यायचा, आणि बाडा चौकातल्या पेपरवाल्याने आठवणीने काढून ठेवला तरच हाती पडायचा. आता पुण्याची मुलगी सकाळी सातलाच फोनवर पाठवते, त्यामुळे भांडायला उशीर होत नाही.

लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं. रॉकवाले दर कार्यक्रमात रेकॉर्डच वाजवून दाखवतात, मैफलीत सुचणं ही आपल्याकडची गोष्ट. तरी ऐकायचंच असेल तर १९९४च्या मैफलीचं 'पल्स' हे ध्वनिमुद्रण ऐकावं, तेच खरं, बाकीची ऐकण्यात वेळ घालवू नये. या दोन्ही विधानांवर मला आक्षेप आहे. लेखात माहितीचीही एक चूक आहे, पण ती एका ओळीत दुरुस्त होण्यासारखी आहे, तेव्हा शेवटी सांगतो.

मी महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेला माणूस. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले, जिथे व्हाउचर सापडलं नाही तिथे 'हाफ मार्जिन' काढला, म्हणजे कागदाची अर्धी बाजू समोरच्याच्या उत्तरासाठी कोरी ठेवून शंका लिहिली. ही खोड घरी आल्यावरही सुटली नाही. या एका गाण्याची माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. साल, गाव, कडवी कोण म्हणतंय, पहिला सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, दुसरा सोलो कितव्या मिनिटाला सुरू झाला, कुठे संपला, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. घरात तिला रोकडवही म्हणतात.

गाणं मला भेटलं ते १९८२ साली, अर्धवट. हे गाणं ज्यात आहे त्या 'द वॉल' या अल्बमचा दोन तबकड्यांचा संच मित्राच्या भावाकडे दिल्लीला होता. त्याने सी-६० कॅसेटवर चारपैकी तीन बाजू कशाबशा कोंबल्या. हे गाणं तिसऱ्या बाजूच्या अगदी टोकाला आहे. माझ्या कॅसेटमध्ये शेवटच्या गिटारच्या ऐन मध्यावर खट्ट करून टेप संपायची. ग्वाल्हेरच्या मेळ्यातून घेतलेला टू-इन-वन, लष्कर भागातला आमचा वाडा, मे महिना, आणि व्होल्टेज पडलं की मोटर मंद होऊन अख्खा षड्ज खाली घसरायचा. गाणं कुठल्या पट्टीत आहे हे मला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं, दर रात्री वेगळी असायची. पुढे पूर्ण कॅसेट मिळाली तेव्हा अधीर होऊन शेवट ऐकला, तर तिथेही शेवट नाहीच. रेकॉर्डवर ते गाणं संपत नाही, हळूहळू विरून जातं.

आता हे लेखकमहाशयांनी ध्यानात घ्यावं. जे गाणं रेकॉर्डवर संपतच नाही, ते मंचावर रेकॉर्डसारखं कसं वाजवणार? हजारो लोकांपुढे आवाजाची चावी हळूहळू पिळत बसता येत नाही. कुठेतरी सम घ्यावीच लागते. ती कधी घ्यायची हे त्या रात्री ठरतं.

त्याहून मोठी गंमत दुसरी आहे. रेकॉर्डवरचा तो शेवटचा प्रसिद्ध सोलो बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी तसा सलग कधी वाजवलेलाच नव्हता. पाच-सहा वेळा वाजवून सगळे टेपवर घेतले, मग प्रत्येकातले चांगले तुकडे खुणा करून निवडले आणि जोडून एक केला. हे त्यांनीच मुलाखतीत सांगितलेलं आहे. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो ते स्टुडिओतल्या कुठल्याही एका क्षणी हातातून बाहेर पडलेलंच नाही. ऑडिटच्या भाषेत सांगायचं तर ही एकत्रित नोंद आहे, तिला स्वतंत्र व्हाउचर नाही. तो सोलो सलग असा पहिल्यांदा वाजला तो मैफलीतच.

गाण्याची जडणघडण आमच्या गावच्या माणसाला परकी वाटू नये अशी आहे. कडव्यांत डॉक्टर बोलतो, ध्रुवपदात रोगी उत्तर देतो. १९७७ मध्ये फिलाडेल्फियाच्या कार्यक्रमाआधी बँडचे गीतकार आणि बासवादक रॉजर वॉटर्स यांच्या पोटात मुरडा आला, डॉक्टरने गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि ते तसेच मंचावर गेले, हात बधिर. शब्द त्यातून आले. चाल मुख्यतः गिल्मर यांची. कडवी बी मायनरमध्ये आहेत, ध्रुवपद डी मेजरमध्ये. पेटीवर बसून पाहा. षड्ज उचलून तिसऱ्या सुरावर ठेवला की, एखादा सूर वगळता, तेच घर वेगळं दिसू लागतं. आपण याला मूर्च्छना म्हणतो. पहिला सोलो त्या डी मेजरच्या उजेडात आहे. दुसरा परत बी मायनरच्या अंधारात जातो, आणि तिथे जे सूर वरचेवर लागतात ते ऐकताना मला धानी आठवतो. मध्येच रिषभ डोकावतो, पण राहत नाही. मी राग ठरवत नाही, आठवतो एवढंच म्हणतो. नाहीतर माधव संगीत महाविद्यालयातून कोणीतरी तानपुरा घेऊन घरी येईल.

माझे वडील, अण्णा, त्याच महाविद्यालयात संध्याकाळच्या वर्गाला चार वर्षं गेले होते. गळा बेताचा होता, कान मात्र पक्का. कृष्णराव शंकर पंडितांना त्यांनी समोर बसून ऐकलेलं. ग्वाल्हेर घराण्याची रीत घरात आम्हांला आमटीइतकी पाठ होती. आधी बंदिश सरळ मांडा, स्थायी आणि अंतरा अखंड, आडपडदा न ठेवता. ऐकणाऱ्याच्या पदरात माल पडू द्या. मग बढत, म्हणजे सुरासुराने विस्तार, मग बोल, मग ताना, काय करायचं ते करा. बंदिश लपवून नुसता विस्तार करणाऱ्याला अण्णा 'पत्ता न सांगता घरी बोलावणारा' म्हणत.

गिल्मर हेच करतात. माझी वही उघडून दाखवायला तयार आहे. पहिला सोलो १९८० सालापासून जवळजवळ जसाच्या तसा आहे. खुणेची वळणं तीच, श्वास तेच. तारेला ओढ देऊन सूर वर चढवण्याची जागाही तीच. आमच्याकडे सतारिया मींड घेतो तशीच ही ओढ, फक्त तार विजेवर. हाफिज अली खाँसाहेबांचं गाव असल्याने सरोदवाले मला लगेच टोकतील की आमच्याकडे तार ओढत नाहीत, पट्टीवर नख घासतात. मान्य. तर तो पहिला सोलो म्हणजे बंदिश. दुसऱ्या सोलोची सुरुवातही ठरलेली. पहिले दोन-तीन वाक्यांश ओळखीचे, त्यावर लोक ओरडतात. त्यानंतर मात्र माझ्या वहीतला रकाना दर खेपेला वेगळा आहे. लेखकाने पहिल्या सोलोवरून निकाल दिला आणि दुसऱ्याच्या वेळी, बहुधा, फोन आला असावा.

आता एकेक मैफल. सगळ्या सांगत नाही, जागा तुमची आहे.

पहिली १९८०-८१ची. 'द वॉल'चे तेव्हा फक्त ३१ प्रयोग झाले: लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचं नॅसाउ, लंडनचं अर्ल्स कोर्ट, जर्मनीतलं डॉर्टमुंड, आणि पुन्हा अर्ल्स कोर्ट. पुठ्ठ्याच्या विटांची सुमारे चाळीस फुटी भिंत प्रेक्षक आणि वादकांच्या मधे उभी राहत जायची. या गाण्यापर्यंत ती पूर्ण झालेली असे. खाली वॉटर्स डॉक्टरचं कडवं म्हणतात, आणि ध्रुवपदाला भिंतीच्या माथ्यावर एकदम दिवे लागतात, तिथे गिल्मर. मागून उजेड आणि छताकडे वळलेल्या हजारो माना. ते त्याआधी काळोखात, चाकांच्या पेटीवर उभे राहून आपल्या वेळेची वाट पाहत असत. अर्ल्स कोर्टच्या प्रयोगांचं ध्वनिमुद्रण अधिकृतपणे २००० साली बाहेर आलं. गाणं साडेसात मिनिटांच्या आत आटोपतं. सोलो आखूड आहे. पण त्यात एक घाई आहे, वाजवणाऱ्याला पुढचं वाक्य अजून सापडायचं आहे असं ऐकू येतं, एखादी ओढ सुराच्या कणभर अलीकडेच राहते आणि मग तो ती दाबून पुरी करतो. गाणं तेव्हा अजून नवंच होतं. माझ्या वहीत या नोंदीपुढे लाल शाईची खूण आहे, आणि लाल शाई मी सहसा चुकांसाठी वापरतो.

त्या प्रयोगांतली एक गोष्ट हिशेबनीस म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. पियानो-ऑर्गनवाले रिचर्ड राइट यांना वॉटर्स यांनी तोपर्यंत बँडमधून बाहेर काढलेलं होतं, तरी प्रयोगांपुरते ते पगारी वादक म्हणून वाजवत होते. सगळा डोलारा इतका खर्चिक की मालकांना तोटा झाला. फायदा झाला फक्त राइट यांना, कारण त्यांना पगार मिळत होता. असा ताळेबंद मला नोकरीत एकदाही पाहायला मिळाला नाही.

१९८८च्या 'डेलिकेट साउंड ऑफ थंडर'बद्दल फार लिहीत नाही. जवळजवळ नऊ मिनिटं आहे, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ड्रम गोदामात वाजवल्यासारखे घुमतात. १९९०चं बर्लिन मात्र सोडवत नाही. बर्लिनची भिंत पडून वर्षही झालं नव्हतं, २१ जुलैला वॉटर्स यांनी पॉट्सडामर प्लाट्झच्या मोकळ्या पट्ट्यात 'द वॉल' उभं केलं. दोन लाखांवर माणसं. रोग्याची बाजू गायला व्हॅन मॉरिसन. गिल्मर नाहीत, भिंतीवर दोन गिटारवादक, त्यांतले एक स्नोई व्हाइट, जे १९८०च्या प्रयोगांतही साथीला होते. मॉरिसन यांच्या गळ्यात ब्लूजचा असा खर आहे की रोगी एकदम चांगला जाडजूड, जेवणखाण व्यवस्थित असलेला वाटतो. दोन गिटारवाल्यांनी सोलो वाटून घेतला आहे. जुगलबंदी म्हणून ठीक. दुसऱ्याच्या घरची बंदिश माणूस जरा जपूनच म्हणतो.

आता 'पल्स'. २० ऑक्टोबर १९९४, पुन्हा अर्ल्स कोर्ट. वादक तेच म्हणावे तर नाही, वॉटर्स १९८५ सालीच बाहेर पडलेले. डॉक्टरचं कडवं इथे राइट, जॉन कॅरिन आणि गाय प्रॅट असे तिघे मिळून म्हणतात. एका रोग्याला तीन डॉक्टर, म्हणजे मेडिकल बोर्डच बसलंय. दुसरा सोलो सुरू झाल्यावर प्रेक्षकांच्या मधोमध आरशांचा प्रचंड गोळा वर येतो आणि पाकळ्यांसारखा उघडतो. गाणं साडेनऊ मिनिटांच्या आसपास. जवळजवळ अर्धा वेळ शेवटचा सोलोच.

ही सीडी आमच्याकडे १९९६ साली आली. मित्राच्या भावाने परदेशातून आणली. तिच्या खोक्याच्या कण्यात एक लाल दिवा बसवलेला होता, सतत लुकलुकणारा, नाडीसारखा. अण्णा तेव्हा ऐंशीच्या घरात. मधल्या खोलीत आरामखुर्चीत बसलेले. पहिले दोन दिवस त्यांना ते डासांचं मशीन वाटलं. तिसऱ्या दिवशी मी हे गाणं लावलं आणि त्यांच्याकडे पाहत राहिलो. मला, खरं सांगतो, दाद हवी होती. आयुष्यभर 'आवाज कमी कर' एवढंच ऐकलेलं होतं. गाणं संपलं, टाळ्या संपल्या. त्यांनी अडकित्त्याने सुपारी कातरली आणि म्हणाले, "पहिला तुकडा बरा मांडला. नंतरची लांबण आहे, बढत नाही."

मला राग आला होता. दहा वर्षं तरी मी मनात त्यांच्याशी वाद घातला. मग वही करायला घेतली तेव्हा सेकंद लावून ऐकलं. अण्णांचं अर्धं बरोबर निघालं. मधला जो भाग आहे, आरशांचा गोळा उघडत असतो तो, तिथे गिल्मर वरच्या पट्टीत त्याच दोन-तीन जागा फिरून फिरून घेतात. डोळ्यांना इतकं काही चाललेलं असतं की कानाला ते कळत नाही. डोळे मिटून ऐका. पण शेवटचं दीड मिनिट अण्णांनी ऐकलं नाही असं माझं आजही म्हणणं आहे. सुपारी कातरत होते. तिथे तो एकेक सूर धरून वर चढतो आणि खाली यायला तयार होत नाही, ती बढतच आहे.

एक कडेची गोष्ट. 'द वॉल' ज्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर वाजलं ती गिटार 'पल्स'मध्ये नाहीच. ती तेव्हा डॅलसच्या हार्ड रॉक कॅफेमध्ये भिंतीवर टांगलेली होती. १९९४ला हातात लाल आहे. स्वरांत फरक आहे. लालचा आवाज गुळगुळीत, काळीचा जरा खरखरीत, बाजूला बसलेल्याला खोकला यावा तसा. पुढे काळी घरी परत आली आणि २०१९ साली लिलावात जवळजवळ चाळीस लाख डॉलरना गेली. पैसे गिल्मर यांनी हवामानबदलावर काम करणाऱ्या संस्थेला दिले.

ती काळी गिटार पुन्हा ऐकू येते २ जुलै २००५ला, लंडनच्या हाइड पार्कमध्ये, लाइव्ह एट या धर्मादाय मैफलीच्या वेळी. चौघे १९८१नंतर प्रथमच एका मंचावर, आणि शेवटचेही. चार गाणी वाजवली, शेवटचं हे. डॉक्टर वॉटर्स, रोगी गिल्मर, जसं पहिल्यापासून होतं तसं. भिंत नाही, गोळा नाही, वेळ मोजून दिलेला. त्यामुळे दुसरा सोलो आटोपशीर आहे. मला तो 'पल्स'च्या वर वाटतो. थोडक्या वेळात बसवायचं म्हटल्यावर माणूस नेमकं तेच वाजवतो जे त्याला सोडवत नाही. तानसेन समारोहात हे अनेकदा पाहिलंय. डिसेंबरची थंडी, रात्रीचे दोन, बुवांना सांगितलेलं असतं की अर्धाच तास आहे. वैतागून बसतात, आणि काय गातात!

२००६ सालच्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डेव्हिड बोई येऊन डॉक्टरचं कडवं म्हणून गेले. डॉक्टर देखणा, पण फी जबर असणार असं वाटतं. मला त्याच वर्षीचं २६ ऑगस्टचं ग्डान्स्क जास्त जवळचं. पोलंडमधली ती जहाजबांधणीची गोदी, जिथून सॉलिडॅरिटी चळवळ उठली. तिच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम. इथे डॉक्टर एकटे राइट. पंचवीस वर्षांपूर्वी पगारी वादक असलेला माणूस, आता कडवं त्याच्याकडे. वॉटर्स यांचा डॉक्टर रोग्याला हुकूम देतो, तिघांचं बोर्ड नोंदी घेतं, राइट यांचा डॉक्टर खाटेच्या कडेला बसून विचारतो. बाड्याजवळ आमचे एक फॅमिली डॉक्टर होते, तसा आवाज. आणि कडवं असं म्हटलं गेल्यावर पुढचा गिटारही निराळा येतो. गिल्मर घाईत नाहीत, सुरांच्या मधे मोकळी जागा सोडतात. ही मैफल २००८ साली सप्टेंबरच्या २२ तारखेला बाजारात आली. राइट त्याच महिन्याच्या १५ तारखेला गेले होते. वहीत या नोंदीपुढे शेरा नाही. लिहायला घेतलं होतं, खोडलं.

२०११चं लंडन लेखकाने पूर्ण गाळलं याचं आश्चर्य वाटलं. १२ मे, ओटू अरीना. वॉटर्स आपलं 'द वॉल' घेऊन फिरत होते आणि त्या एका रात्री भिंतीच्या माथ्यावर दिवे लागले तर खरोखरच गिल्मर. त्यामागे एक सौदा होता. आदल्या वर्षी एका धर्मादाय कार्यक्रमात गिल्मर यांनी वॉटर्स यांना आपल्यासोबत एक जुनं प्रेमगीत गायला बोलावलं, आणि बदल्यात तुझ्या भिंतीवर एकदा वाजवीन म्हणून शब्द दिला. सोलो चालू असताना खाली वॉटर्स भिंतीवर मुठी मारतात आणि भिंतीवरच्या प्रकाशात जणू फट पडून रंग फुटतात. सोलो म्हणून सामान्य आहे. वाजवणाऱ्याचं लक्ष थोडं खाली होतं असं वाटतं. मला ते आवडतं.

आणि मग ज्याने लेखकाचं पहिलं विधान पुरतं आडवं होतं ते २०२२. वॉटर्स यांनी गाणं एक सूर खाली आणलं, ए मायनरमध्ये, गती संथ केली, आणि सोलो काढूनच टाकला. शेवटी त्या जागी शनाय जॉन्सन नावाची गायिका शब्दांविना गाते. दौऱ्यातला कार्यक्रमच या गाण्याने सुरू व्हायचा, तोही काळोखात. पुष्कळांना संताप आला. मलाही पहिल्यांदा वाटलं की वाटणीत विहीर भावाकडे गेली म्हणून याने बुजवून टाकली. दोघांचं वैर जगजाहीर आहे, तेव्हा तसा वास येतोच. पण चौथ्यांदा ऐकलं तेव्हा डॉक्टरच एकटा उरल्यासारखा वाटला, रोगी केव्हाच गेलेला. चांगलं की वाईट हा निकाल मी अजून दिलेला नाही, पॅरा प्रलंबित आहे. पण दर वेळी रेकॉर्डच वाजवतात असं म्हणणाऱ्याने हे ऐकून मग लिहावं.

आता माझी खरी तक्रार सांगतो, आणि ती लेखकापुरती नाही. गेल्या हिवाळ्यात इथल्या एका कॉलेजच्या संमेलनात मुलांनी हे गाणं वाजवलं. शेजारच्या मुलाने आग्रह केला, "काका, तुम्ही याच, तुमचंच गाणं आहे." गेलो. कानटोपी घालून शेवटच्या रांगेत. गिटारवर दुसऱ्या वर्षाचा मुलगा, हडकुळा, हात फार तयार. दुसरा सोलो सुरू झाला आणि दोन मिनिटांत मला पुढचं सगळं कळू लागलं. 'पल्स' होतं. सुरावर सूर. २० ऑक्टोबर १९९४च्या रात्री गिल्मर यांचं बोट जिथे किंचित उशिरा पडलं होतं, तिथे याचंही उशिरा पडलं. मधली ती फिरून फिरून येणारी जागाही त्याने तितक्याच वेळा घेतली, मोजून. पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर भेटलो. विचारलं, "हे तू कुठून घेतलंस?" म्हणाला, "ओरिजिनल तर हेच आहे ना, अंकल." त्याने मूळ रेकॉर्ड कधी ऐकलीच नव्हती. गरज पडली नव्हती. व्हिडिओ हळू गतीने लावून सहा महिने बसवलेलं. चूक त्याची नाही. तुमच्या पुरवणीत छापून आलंय तेच त्याला सगळीकडे सांगितलं जातं, की 'पल्स' ऐक, बाकी राहू दे. एका माणसाला एका रात्री जे सुचलं, बरंवाईट, पुनरुक्तीसकट, त्याची बंदिश होऊन बसली. आमच्या घराण्यातही हे झालंय, उगाच फुशारकी मारत नाही. बुजुर्गांच्या ध्वनिमुद्रिकेतली तीन मिनिटांची तान पाठ करून तीच तान, त्याच जागी, दर मैफलीत घेणारे गवई मी ग्वाल्हेरमध्ये पाहिले आहेत. अण्णा अशा वेळी उठून चप्पल शोधायला लागत.

त्या मुलाला घरी बोलावलं. एका रविवारी आला, सोबत गिटार, आणि मुरेनाहून आणलेली गजक. मी आधी रेकॉर्डवरचं लावलं, मग १९८०, मग ग्डान्स्क. 'पल्स' मुद्दाम लावलं नाही. ग्डान्स्कच्या वेळी त्याने दोनदा मागे घ्यायला सांगितलं. मग म्हणाला, "अंकल, इथे तो थांबला. इथे तर भरायला पाहिजे होतं." मी म्हटलं, तू भर. अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला नव्हता, नुसतीच टुणटुण. पहिले तीन वाक्यांश नीट घेतले आणि मग बोटं आपोआप 'पल्स'कडे वळली. त्याच्या लक्षात आलं, थांबला, मान खाली घालून हसला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच गेला. तिसऱ्यांदा पाच-सहा सूर कसलेतरी लागले, बेताचेच होते, एक तर सपशेल चुकलेला. वहीत त्या तारखेची नोंद घेतली आहे. गाव: लष्कर, ग्वाल्हेर.

लेखकाने 'पल्स' आवडतं म्हणून लिहिलं असतं तर हे पत्र आलंच नसतं. आवडो बापडं. पण 'तेच मूळ' असं छापू नका, पोरं वाचतात.

राहिली ती दुरुस्ती. लेखात लिहिलं आहे की 'पल्स'मध्ये कडवी वॉटर्स यांनी म्हटली आहेत. १९९४ मध्ये वॉटर्स बँडमध्ये नव्हते. कडवी राइट, कॅरिन आणि प्रॅट यांची आहेत. कृपया पुढच्या अंकात, चौकट लहान असली तरी चालेल, एवढं छापावं.

आपला,
एक जुना वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर